ऑफिस टाकायला किती वेळ लागतो

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही तेच! फोपनार गावात लीलाधरभाऊंच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये एका कॉम्प्युटरवर ऑफिस टाकायचं होतं. म्हणजे ते पत्रं आणि हिशेब करायचं सॉफ्टवेअर. एवढंच काम. सकाळी अकराला गेलेले हे संध्याकाळ व्हायला आली तेव्हा उगवले. डब्यातली भाजी-पोळी तशीच. विचारलं तर म्हणे, "नेट स्लो होतं, चारू. लाइटपण गेली मध्ये."

फोपनारची लाइट जाते, मान्य. मागच्या आठवड्यात इथं शहरातच, सिंधीपुऱ्यात वकिलांकडे अख्खा दिवस गेला, तिथे काय झालं होतं? पूर्वी हाच माणूस सकाळी दोन-तीन ठिकाणची कामं उरकून जेवायला घरी असायचा. बुधवाऱ्यातलं आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्या हातावरच तर उभं राहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेच्या मधल्या सुट्टीत तुषारला फोन केला. माझा धाकटा भाऊ, जळगावला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच बघतो. सहज विचारल्यासारखं विचारलं. "अर्धा तास, ताई. नेट रडत असेल तर पाऊण. का गं?"

काही नाही म्हटलं. तिसरीच्या वर्गावर गेले आणि कालचाच धडा परत शिकवला. पोरं गप्प बसून हसत होती.

अर्धा तास! मग बाकीचा दिवस कुठे जातो?

५ नोव्हेंबर, बुधवार

लिहूनच टाकते. बाई असणार. दुसरं काय असतं या वयात?

हल्ली बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. कानाकडे बघून बोलतात. मन खात असेल तर माणूस असंच करतो ना? आज मुद्दाम नवी साडी नेसून समोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "चहा टाकतेस का?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

न राहवून लीलाधरभाऊंना फोन लावला. खोटंच बोलले — यांचा डबा तुमच्याकडे राहिला का म्हणून.

"नाही वहिनी, डबा तर ते घेऊन गेले ना. पूरा दिवस मशीनसमोरून उठलेच नाहीत बिचारे. चाय दिली, ती भी ठंडी होऊन गेली."

फोन ठेवला आणि रडले. बाई नाही. देवा, बाई नाही. किती दिवस मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते!

मग भांडी घासता घासता हात थांबला. बाई नाही, तर अर्ध्या तासाच्या कामाला लोकांच्या मशीनसमोर दिवसभर बसून हे करतात काय?

८ नोव्हेंबर, शनिवार

लिहू की नको, कळत नाही.

हे अंघोळीला गेले होते. यांचा फोन टेबलावर उघडाच होता. बघितला. फोटो — शेकडो. लेकीचे, हिमानीचे नाहीत, माझे नाहीत. सगळे कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे. एकेका चौकटीचे, अगदी जवळून. कुणाचं नाव, कुणाचा ईमेल. एका फोटोत तर चक्क पासवर्ड!

परवाच पेपरात होतं, मशीन दुरुस्त करायला येणारा माणूस लोकांचे पासवर्ड विकायचा. पोलिसांनी घरातून उचलून नेला त्याला.

हे असं करतील? हे? उरलेले दहा रुपये परत करायला भर उन्हात गिऱ्हाइकाच्या घरी जाणारा माणूस हा. पण मग ते फोटो कशाला?

पोरगी दहावीला आहे. दारात पोलीस आले तर तिनं शाळेत तोंड कसं दाखवायचं? दिवसभर बेल वाजली की आधी खिडकीतून बघते. गॅस सिलिंडरवाल्याला बघून मला घाम फुटला.

विचारायची हिंमत होत नाही. हो म्हणाले तर?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मी एक केलं. सकाळी यांचा फोन गुपचूप ज्वारीच्या डब्यात घातला, आवाज बंद करून. फोन नाही तर फोटो नाही. निदान आजचा दिवस तरी गुन्हा होणार नाही.

घरभर शोधला यांनी. उशीखाली, गाडीच्या डिकीत. मला म्हणाले, "चारू, फोनशिवाय मला काम जमणार नाही गं." आवाज असा होता की मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी तसेच गेले. आज परत फोपनारच होतं, तिथलं दुसरं मशीन.

लवकर आले. बूट न काढताच पलंगावर बसले. "नाही झालं आज." मग म्हणाले, "लीलाधरभाऊ विचारत होते, ललितभाऊ, दुसऱ्या कोणाला बुलवून घेऊ का?"

मी फोन आणून दिला. ज्वारीत सापडला म्हटलं. तिथं कसा गेला, एवढंही विचारलं नाही यांनी. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता जास्त भीती वाटतेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

म्हटलं, उद्या सुट्टी टाकते, मीपण येते फोपनारला. मला वाटलं, नको म्हणतील. "ये," म्हणाले. लगेच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोपनारला पोचल्यावर यांनी मशीन सुरू केलं. फोन स्क्रीनसमोर धरला, फोटो काढला, बोटांनी मोठा केला, पार नाकापाशी नेला. मग फोन खाली ठेवला. "चारू, इथं काय लिहिलंय गं?"

चांगली मोठी अक्षरं होती.

मी वाचलं, यांनी बटण दाबलं. परत वाचलं, परत दाबलं. अर्ध्या तासाच्या आत झालं. तुषार म्हणाला तसंच.

बाहेर आल्यावर विचारलं, कधीपासून? "गणपतीच्या आधीपासून. मधलं पुसल्यासारखं दिसतं. कडेचं दिसतं." डॉक्टरांना दाखवलं नाही? "भीती वाटते."

शुक्रवारी इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मला गाडी येत नाही. परतताना मागे बसले, यांना घट्ट धरून, आणि घरापर्यंत रस्ता वाचत आले — गतिरोधक आहे, डावीकडे म्हैस, हळू, समोरून केळीचा ट्रक येतोय.