अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा भाव

आई, शेवटी कोंबड्या घेतल्या. चाळीस दिरहॅमला एक, म्हणजे आपले हजाराच्या घरात रुपये. तू असतीस तर कपाळावर हात मारून घेतला असतास. एवढ्यात तुझ्या वेळी गाभण शेळी यायची.

इथे आखातात, रुवैस शहरापासून बरंच आत, वाळवंटात, माझ्या मालकाची शेती आहे. खजुराची झाडं, थोड्या बकऱ्या, पाण्याचा पंप आणि मी. आधी कंपनीच्या कॅम्पात होतो तेव्हा खोलीतल्या माणसांच्या घोरण्यानं झोप लागायची नाही. आता कुणी घोरत नाही म्हणून लागत नाही. मालक महिन्यातून एखाद्या वेळी येतो. मागच्या खेपेला गाडीत बसता बसता म्हणाला, "मेरी माँ को ताजा अंडा चाहिए. मुर्गी लाओ. दाम तुम देखो, खलास." दाम तुम देखो म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार?

आठवड्याच्या बाजारात तू उकिडवी बसली आहेस, मी तुझ्या पाठीला टेकून उभा. विकणारा कोंबडी उंच धरून तिचं वजन दाखवतो आहे, आणि तू तिकडे बघतही नाहीस. "झिला, आपणाक मास खावचा नाय, अंडी होयी हत," असं मला म्हणतेस आणि कोंबडी मांडीवर घेतेस. आधी तुरा बघायचा, लाल आणि मऊ हवा. मग पाय. फार पिवळेधमक असले तर ती बरेच दिवस अंड्यावर नाही. मग शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून बघायची, तीन मावली तर ठीक, एकच मावलं तर परत द्यायची. भाव तू शेवटी काढायचीस. ती अजून किती घालेल आणि तोवर किती दाणे खाईल, याचा मनात मेळ बसला की एकदाच आकडा सांगायचीस आणि उठून चालायला लागायचीस. विकणारा मागून हाक मारायचाच.

मला उठून चालायला जमलं नाही. कोंबड्या शेजारच्या शेतीवरच्या चाचांच्या होत्या. मुलतानकडचे, माझ्याहून बरेच म्हातारे. त्यांच्या मालकानं शेती विकली, म्हणून ते कायमचे घरी निघाले होते. दर शुक्रवारी मी वाळू तुडवत त्यांच्याकडे जायचो. मैलोन्‌मैल हिंदीत बोलायला तेवढं एकच माणूस. पहिल्या शुक्रवारी त्यांनी चाळीस सांगितले, मी पंचवीस. म्हटलं, "चाचा, उन्हाळा तोंडावर आलाय. गर्मीत या अंडी बंद करतील, दाणा मात्र मला घालावाच लागेल." ते म्हणाले, "गर्मी में तो आदमी भी काम बंद करता है, उसको खाना नहीं देते क्या?" चहा झाला, भाव झाला नाही. पुढच्या शुक्रवारी मी तीसवर आलो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि भाव सोडून आपल्या नातीच्या लग्नाचं सांगत बसले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ते स्वतःच म्हणाले, "चलो, तीस." आणि आई, हो म्हणायचं सोडून मी म्हटलं, "सत्तावीस." ते हसले आणि म्हणाले, "ठीक है, अगले जुम्मे बात करेंगे."

पण त्या जुम्म्याआधीच त्यांचं तिकीट आलं. भर दुपारी पिकअपमधून कोंबड्या घेऊन दारात उभे राहिले. मी एकेक तपासून आत सोडली. तुरे लाल, हाडं रुंद. शेवटची राहिली, तपकिरी रंगाची. तिचे पाय हळदीसारखे पिवळे, हाडांत एक बोट जेमतेम गेलं. मी वर बघितलं. चाचा म्हणाले, "यह बूढ़ी है. इसका कुछ मत दो. उधर छोड़ता तो कोई काट देता." मी सगळ्यांचे पैसे चाळीसच्या भावानं मोजले, तिचेही. त्यांनी जास्तीचे परत करायला हात पुढे केला, मी घेतले नाहीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चाचांनी मला मिठी मारली, त्यांच्या कुडत्याला दाण्याचा वास होता. गाडी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

मालकाची आई अंडी खाऊन खूश आहे, असा निरोप आला. भाव जास्त झाला, असं तो म्हणाला नाही. त्या तपकिरी कोंबडीचे पैसे मी त्याच्याकडून घेतलेले नाहीत, माझ्या पगारातले आहेत. ती अंडं देणार नाही, हेही त्याला सांगितलेलं नाही. दिवस कलला की खुराड्याशी बसतो तेव्हा ती जवळ येते, आणि मी तिच्याशी आपल्या भाषेत बोलतो, आई. दिवसभरात तेवढंच.