राखेच्या अहवालातलं पान

९ फेब्रुवारी

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझ्या कंपनीची माणसं काल इथे येऊन गेली. वीजकेंद्राच्या बॉयलरवर मी तीस वर्षं काढली. त्याच कोळशाची राख घरामागच्या तळ्यात साचली. उन्हाळाभर ती उशीवर, धुण्यावर, दाताखाली. तक्रार केली की वीजकेंद्राचे साहेब म्हणायचे, राखच आहे, झटका की. काल तुझ्या कंपनीच्या माणसांबरोबर तेच साहेब नाकाला रुमाल लावून सांगत होते, की या राखेत दुर्मिळ धातू आहेत, बॅटऱ्यांना लागतात, तुम्ही भाग्यवान! तुझी वहिनी तिथल्या तिथे थुंकली आणि आत गेली. तू प्रयोगशाळेत असतेस, तूच सांग, धातू काढल्यावर उरलेलं कुठे जाणार?

लोभ आहेच, तो वाढव. आणि वेळेवर जेवत जा.

तुझा दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

धातू आहेत, खरं आहे. राख आम्लात घालून ते काढतात. टोपलीभर राखेतून चिमूटभर. उरलेला गाळ मीच तपासला. त्यात इतकं आर्सेनिक निघालं, की मी तीनदा हात धुतले. तो तुमच्या विहिरीशेजारच्या जुन्या खाणीत ओतणार आहेत, खाली प्लॅस्टिकचं अस्तरसुद्धा न घालता. आमच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी दात कोरत कोरत मला अहवालातलं तेवढं पान काढायला सांगितलं. मी काढलं, दादा. उरलेल्या अहवालावर सहीही केली. स्वतःचीच किळस येते आहे.

वहिनीला नमस्कार कोणत्या तोंडाने सांगू?

तुझी चिमणी

२७ फेब्रुवारी

चिमणे,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. साहेबांची शिसारी येते, पण ते निदान परके. तू त्या विहिरीच्या पाण्यावर वाढलीस. पाच तारखेला जनसुनावणी आहे.

दादा

२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

ते पान सोबत पाठवते आहे. खाली आज सही केली आहे. सुनावणीत मोठ्याने वाच. कुणी दिलं विचारलं, तर माझं नाव सांग.

चिमणी

६ मार्च

चि. चिमणीस, अनेक अनेक आशीर्वाद.

वाचलं. दोनदा अडखळलो. साहेब म्हणाले, कागद बनावट आहे. तशी तुझी वहिनी उठली नि म्हणाली, सही माझ्या नणंदेची आहे, आत्ता फोन लावून विचारा. कुणी लावला नाही. अस्तर घातल्याशिवाय खाणीत काही टाकायचं नाही, असं लेखी घेतलं. बाहेर पडताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, तुमच्यासारखी जागरूक माणसं हवीत. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. घरी येऊन आधी सदरा बदलला.

नोकरी गेल्याचं तू कळवलं नाहीस, तरी आज सकाळीच साहेबांच्या माणसाकडून आम्हाला कळलं. पत्राची वाट न बघता निघून ये. रागावलो होतो, ते खरं. माया तेव्हाही कमी नव्हती.

तुझा दादा