पांझरेच्या वाळूतली जोंगा

आबा, मला गाडी चालवायला तुम्ही शिकवलंत, हे मी लग्नानंतर जळगावात कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हीच तसं बजावलं होतं. तुम्हाला जाऊन आता किती वर्षं झाली, तरी मी ते पाळत आले.

धुळ्याला आपल्या अंगणात लष्कराच्या लिलावातून आणलेल्या गाड्या उभ्या असत. तुम्ही त्या दुरुस्त करून, हिरवा रंग खरवडून विकायचात. मी बारावीला होते तेव्हा त्यात एक जुनी जीप होती, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, आणि तिच्या शेजारी जोंगा, लष्कराचीच मोठी गाडी, जीपपुढे हत्तीणच. जीप हलकी. वाळूत अडकली तरी मागेपुढे करून निघायची, पण खड्ड्यात अशी उडायची की दातावर दात आपटायचे. जोंगा जड आणि शांत, चढावर दम न लागणारी. मात्र वाळूत एकदा थांबली की बुडाली. "जीपले हाकलनं पडस, जोंगाले समजाडनं पडस," असं तुम्ही म्हणायचात. दादाला ते समजावणं कधी जमलं नाही. तो घाबरून ब्रेक दाबायचा आणि जोंगा पोटापर्यंत रुतायची. मला जमलं. सकाळी पांझरेच्या कोरड्या पात्रात तुम्ही मला बसवायचात, लहान दांडा ओढून पुढच्या चाकांनाही जोर द्यायला लावायचात, आणि स्वतः काठावर उभे राहायचात. मला वाटायचं, तुम्हाला माझं कौतुक आहे.

मग सावद्याचे ते केळीवाले आले. त्यांना जीप घ्यावी की जोंगा, हे ठरत नव्हतं. ते जोंगाभोवती फिरतात, टायरला पायाने ठोकतात. "भाऊ, हे धूड केळीच्या चिखलात घुसलं तं काढीन कोन?" तुम्ही घराकडे तोंड करून मला हाक मारता, "ये वं बाई, बस." मी ओढणी कमरेला बांधून बसते. पात्राच्या मध्यावर वाळू भुसभुशीत आहे, तिथे स्टिअरिंग एकदम हलकं होतं. मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावत नाही. गाडी हेलकावे खाते, पण थांबत नाही, आणि पलीकडून वळून वर येते. तुम्ही बोनेटवर दोन थापा मारता. त्या थापा मला माझ्याच पाठीवर वाटतात. तेवढ्यात तुम्ही त्यांच्याकडे वळता. "देखं ना? पोरले जमनं. आते तुमना डायवरले काय जड जाई?" ते हसले. "पोरीची गाडी घेऊन गेलो तं गाव हसंन ना भाऊ!" आणि तरी जोंगाच घेऊन गेले. सौदा ठरला तेव्हा मी अजून स्टिअरिंगवरच बसलेली होते.

अठरा पूर्ण झाल्यावर मी लायसनचं विचारलं. तुम्ही पान्यावरचं ग्रीस पुसत म्हणालात, "लायसन काय करशी? जोंगा त विकाई गयी."

वर्षभराने जळगावचे पाहुणे मला पाहायला आले. तुम्ही आदल्या दिवशी मला ग्रीसने काळे झालेले हात रॉकेलने धुवायला लावले. जीप दारातच उभी होती. सासऱ्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "ही कोण चालवतं?" मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी. "पोरगा चालाडस," तुम्ही म्हणालात. दादा मान खाली घालून बिस्किटं खात राहिला. नंतर स्वयंपाकघरात येऊन तुम्ही मला हळूच सांगितलं, "सासरले हाई गोट काढू नको."

गिऱ्हाइकाला दाखवायची, पाहुण्यांपासून लपवायची. दोन्ही वेळा माल खपला, आबा. आमच्याकडे गाडी आली तेव्हा मी मागच्या सीटवर बसले. ह्यांचा पाय क्लचवरून उठायचा नाही, गाडी चढावर रडायची, आणि मी खिडकीबाहेर बघायचे. मुलं मोठी होईपर्यंत मी बाहेरच बघत होते.

गेल्या आठवड्यात मी लायसनची टेस्ट दिली. आरटीओचे साहेब म्हणाले, "हात बसलेला आहे, बाई. कोणी शिकवलं?" मी म्हणाले, "क्लासला शिकले." तुम्ही चहाच्या ट्रेसमोर जे केलंत तेच मी तिथे केलं, आणि मला बरं वाटलं.

हा कागद मी कुणाच्या हाती लागू देणार नाही. लपवायचं तुम्ही मला चांगलं शिकवलंयत. पण एक राहिलं. त्या दिवशी घरी आल्यावर गाडी बंद करून उतरले, गल्लीत कोणी नाही असं पाहिलं, आणि बोनेटवर दोन थापा मारल्या. दुसरी जरा जोरातच बसली.