सात शिक्क्यांचा पत्रा

मेच्या मध्याला चार दिवस बाकी

आजपासून तारीख रोमन पद्धतीनं. रोमन माणूस दिवस उलटे मोजतो, पुढच्या मोठ्या दिवसाला किती उरले ते. सवय करायलाच हवी. पंचवीस वर्षं डॅन्यूबच्या काठी रोमन फौजेतल्या परक्यांच्या पलटणीत काढली, काल रिटायर झालो. आता रोमहून नागरिकत्वाचा काशाचा पत्रा येईल. मग मी थ्रेसचा नुसता मुकातर नाही, पुब्लियस एलियस मुकातर. बायकोला, ब्रिकाला, बजावलं, उद्यापासून पूर्ण नावानं हाक मारायची. ती म्हणाली, अहो पुब्लियस एलियस, कोंबड्या आत घ्या.

संकल्प: शिव्या फक्त लॅटिनमध्ये. बिअर बंद, वाईन चालू. ब्रिकावर वचक.

मेच्या मध्याला तीन दिवस

वाईन आंबट निघाली. बिअर.

मध्याचा आदला दिवस, दुपार

पलटणीचा कारकून लुपियन नावं लिहून घ्यायला बसला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, मुलूख, बायको, मुलं. ही यादी रोमला जाते आणि त्यावरून पत्रा कोरतात.

आज सकाळीच विहिरीवर चारचौघींसमोर ब्रिका म्हणाली होती, की माझा बाप टार्सा शेळ्या राखायचा आणि मी नागरिक झालो तरी वास शेळ्यांचाच येणार. डोकं फिरलेलंच होतं. लुपियनला ठणकावून सांगितलं, बायको नाही, मुलं नाहीत. त्यानं मान वर केली. माझ्या मागे दोलेस माझं सामान धरून उभा. अठरा वर्षांचा, नाक माझंच. लुपियननं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, ओळखीचा आहे.

यात खोटं काही नाही. शिपायाला कायद्यानं लग्न करताच येत नाही, मग बायको कुठून असणार? पत्रा आला की एका बाईशी कायदेशीर लग्नाचा हक्क मिळतो. तेव्हा ब्रिकाशी थाटात लग्न करू. तिला धडा मिळेल, नुकसान कुणाचंच नाही.

जूनच्या पहिलीला नऊ दिवस

सादाला नावाचा सोबती भेटला. माझ्याच तुकडीतला, माझ्याबरोबरच रिटायर झालेला. सगळ्यात अक्कल आपल्यालाच असं त्याला वाटतं. म्हणाला, पत्र्यात ज्या मुलांची नावं तीच नागरिक. बायकोशी मागाहून लग्न कर, पण आधी झालेली मुलं बाहेरच राहतात.

मला हे माहीत होतंच.

दोलेसला ऑक्टोबरच्या पहिलीला लीजनमध्ये, खाशा रोमन पलटणीत, भरती व्हायचंय. तिथं फक्त नागरिक घेतात. पोरगं चार वर्षं हाच धोशा लावून बसलंय. म्हणून एक बदक आणि मधाचा बुधला घेऊन लुपियनकडे गेलो. तो म्हणाला, रोमला चिठ्ठी धाडतो, कोरणाऱ्याला जागा सापडेल तिथं नावं घालील. मिटलं. घरी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही उरलंच नाही. ब्रिका बदक शोधत होती. कोल्ह्यावर ढकललं.

सप्टेंबरच्या मध्याला दोन दिवस

पत्रा आला. खरं तर दोन पत्रे, एकावर एक, तारेनं आवळून बांधलेले, तारेवर सात साक्षीदारांचे सात शिक्के. बाहेर जे कोरलंय तेच आतही कोरलेलं असतं. बाहेरचं रोज दाखवायला. कुणी शंका काढलीच, तर अधिकाऱ्यासमोर शिक्के फोडून आतलं बघतात. रोमनांची डोकी.

ब्रिकाला वाचता येत नाही. ती, दोलेस आणि धाकटी झिया समोर बसली. खड्या आवाजात वाचलं. मुकातर, टार्साचा मुलगा. तिथं पत्रा संपला. मी थांबलो नाही. दोलेस हा मुलगा आणि झिया ही मुलगी, असंही वाचलं. ब्रिकानं डोळे पुसले. बरं वाटलं.

संध्याकाळी सादाला आपला पत्रा मिरवत आला. त्यावर पाच मुलं. त्यातलं एक तर सादालासारखं दिसतही नाही. माझा हातात घेऊन त्यानं मोठ्यानं वाचला. त्याला वाचता येतं हे मी विसरलो होतो.

सप्टेंबरच्या मध्याला एक दिवस

शेवटी सगळं सांगितलं, बदकासकट. चिठ्ठी उशिरा पोचली असणार, तोवर बाहेरचं कोरून झालेलं, म्हणून नावं आत घातली. सरळ आहे. लुपियनलाच विचारलं असतं, पण त्याची सीरियाला बदली झाली.

ब्रिका म्हणाली, मग सुभेदाराच्या ऑफिसात जा आणि त्याच्यासमोर फोडून घ्या. तीन दिवसांची वाट. माझा गुडघा दुखतो. ती म्हणाली, बिअरच्या दुकानापर्यंत बरा चालतो.

उद्या निघतो.

ऑक्टोबरच्या पहिलीला बारा दिवस

पाऊस.

ऑक्टोबरच्या पहिलीला सात दिवस

गुडघा. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. नदीपलीकडच्या लोकांचे घाव मी खाल्ले. माझ्याच पत्र्यात काय लिहिलंय ते बघायला मी कुणाची परवानगी मागायची? आणि हे सात साक्षीदार कोण? सातही रोमचे. एकानंही माझं तोंड पाहिलेलं नाही. माझ्या पोरांवर त्यांचा पहारा कशाला?

दोलेस म्हणाला, बाबा, मी जातो घेऊन. मी म्हटलं, बाप अजून जिवंत आहे.

त्याच दिवशी, जेवणाआधी

फोडला. घोड्याचे खूर साफ करायच्या चिमट्यानं तार तोडली.

आहेत. दोलेस. झिया. अगदी तळाला, कोंबडीनं उकरल्यासारख्या अक्षरात, पण आहेत. लुपियन देवमाणूस. मी अंगणात ओरडत फिरलो, झिया नाचली. सादालाच्या दारासमोरून दोनदा गेलो.

ब्रिका नाचली नाही. जमिनीवर बसून शिक्क्यांचे तुकडे फडक्यात गोळा करत होती. मी म्हटलं, मेणानं चिकटवू.

ऑक्टोबरची पहिली

लीजनच्या भरतीवाल्यानं पत्रा उलटापालटा करून बघितला. म्हणाला, शिक्के कुठायत? ब्रिकानं फडकं सोडून त्याच्यापुढे मांडले. साडेसहा निघाले. तो म्हणाला, नावं बाहेर नाहीत, आत आहेत, आणि शिक्के फडक्यात. खिळा द्या, मीपण माझं गाढव नागरिक करून देतो.

मी लॅटिनमध्ये शिवी दिली. त्यानं माझं लॅटिन सुधारलं.

दोलेस परत येताना पूर्ण वाट माझ्यापुढे दहा पावलं चालला. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरच्या मध्याला दहा दिवस

हार मानणार नाही. रोममध्ये देवळामागच्या भिंतीवर मूळ पत्रा लावलेला असतो. सादालाचा आणि माझा पत्रा त्याचीच नक्कल. तिथं जाऊन, वाचून, नवीन सात साक्षीदार उभे करून नवा आणतो. चालत. उद्या पहाटे. ब्रिकाला म्हटलं, आल्यावर लग्न करू, कायद्यानं एक बायको करायचा हक्क माझ्याकडे आहेच. ती म्हणाली, विचार करून सांगते.

ऑक्टोबरच्या मध्याला नऊ दिवस

वेशीपर्यंत गेलो. गुडघा.

तारीख माहीत नाही. द्राक्षं काढून झाली.

आज दोलेस परक्यांच्या पलटणीत भरती झाला. माझ्याच. पंचवीस वर्षं. सुटेल तेव्हा त्रेचाळीसचा असेल, आणि मी बहुतेक नसेन. मला सोबत नेणार नव्हता, मीच मागून गेलो. त्याचं गाठोडं धरून उभा राहिलो. म्हटलं, पत्रा मिळाला की उघडू नकोस. तो म्हणाला, आईनं सांगितलंय.

नवा कारकून पोरगेलासा आहे. नाव विचारलं, मुलूख विचारला, लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, हे कोण?

दोलेस म्हणाला, ओळखीचे आहेत.