टोपलीखालचं पीठ

हिंगणघाट, ८ फेब्रुवारी १९९८, संध्याकाळ

हे जिथं गेले, त्या जागी काल दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकली होती. गेलेलं माणूस येऊन गेलं की पिठात ठसा उमटतो म्हणतात. सकाळी सासूबाईंनी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं.

“मोकळा झाला माहा पोरगा. तू काऊन रडून राह्यली?”

काऊन?

लग्नानंतर ह्यांनी मला जुन्या गावातल्या भुताच्या जागा हौसेनं दाखवल्या. नदीकाठची चिंच, मसणातली विहीर. मी भ्यायले की हसायचे, “पाह्य, हाये का काही?”

नव्हतंच काही. पिठातही नाही. मुंगीसुद्धा फिरकली नाही.

एवढ्या वेळा खरे ठरलात. आज एकदा खोटे ठरला असतात तर? मला तुमचं भूतही चाललं असतं.