गलाईवाल्या जयराजच्या देहाची व्यवस्था

मी जयराज जोतिबा लेंगरे, वय वर्षे सत्तावीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा पूर्वी सोन्याची गलाई व हल्ली आजारपणामुळे काही नाही, राहणार तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्या भरीला न पडता व कोणावर न रागावता लिहीत आहे. मन स्थिर आहे. येत्या सोमवारी मिरजेला माझ्या फुप्फुसाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक सगळं नीट होईल." ते बहुतेक म्हणाले, म्हणून हा कागद करतो.

कलम एक. वडील वारल्यापासून घराच्या दोन खोल्या व डाळिंबाचे रान माझ्या नावावर आहे. ते सर्व माझी आई हरणाबाई हिचे. बँकेतली शिल्लकही तिचीच. घराच्या कडीबद्दल सांगतो. ती वर उचलून मग ओढावी. नुसती ओढली तर लागल्यासारखी दिसते, पण लागत नाही.

कलम दोन. माझा मोबाईल बहीण क्रांती हिला, औंधला पोचवावा. त्यात केरळातल्या त्रिशूरच्या देवळातली गाणी आहेत. ती मल्याळम भाषेत आहेत. मलाही कळत नाहीत. तरी पुसू नयेत.

कलम तीन. शेजारचे चांदसाहेब चाचा यांना मी काहीही ठेवलेले नाही. ते साक्षीदार आहेत, व साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकिलांनी सांगितले. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कलम चार. भट्टीचा लांब चिमटा सर्जेराव मामांना परत द्यावा. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. नववीनंतर त्यांनी मला त्रिशूरला त्यांच्या गलाईच्या दुकानात नेले. जुने सोने गाळायचे, तेजाबात म्हणजे ॲसिडात टाकून साफ करायचे, दुकानातली झाडलोट जाळून तिच्या राखेतूनही सोन्याचे कण काढायचे, असे ते काम. दिवाळीला आमचे अंगावरचे कपडेसुद्धा जाळत आणि राख धूत. तेजाबाचा तांबूस धूर खोलीत कोंडायचा. मी खिडकी मागितली तर मामा म्हणाले, "खिडकी केली की वाऱ्यानं सोनं जातंय रं. खोकला काय, सगळ्यांलाच येतो." या बोलण्याचा राग मी फार वर्षे धरला होता. तो आता सोडला आहे. चिमटा देताना मामांना एवढेच सांगावे, की तिथे जे कोणी बसत असतील त्यांच्यासाठी खिडकी करा.

कलम पाच. यात देण्यासारखे काही नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

मला लहानपणापासून भीतीची सवय. गॅस बंद केला का, तेजाबाच्या बरणीचे झाकण बसले का, हे पाहायला मी अंथरुणातून उठायचो, आणि पाहून आलो तरी पाहिले नाही असे वाटायचे. त्रिशूरला समोरच्या बोळात एलियम्मा नावाची म्हातारी पेज विकायची. धुराने मी एकदा दारात पडलो तेव्हा तिने मला उठवून पेज पाजली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. एका रविवारी पहाटे ती तिच्या ख्रिस्ती देवळाकडे निघाली आणि मी तिच्यामागून गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.

आत सगळे गात होते. गाणे पाण्यासारखे जमिनीवरून येत होते आणि मी त्यात बसलो होतो. भिंत थंड होती. वर कुठेतरी पारवे बोलत होते. मला वाटले, इथले झाकण कोणीतरी पाहिलेले आहे. मग मी झोपलो. जागा झालो तेव्हा गाणे संपून गेले होते, माणसे गेली होती, उंच खिडकीतून ऊन उतरून माझ्या पायावर आले होते, आणि एलियम्मा शेजारी बसून पदराने मला वारा घालत होती. कोणी मला उठवले नव्हते. माझे पहिले आयुष्य त्या झोपेत संपले आणि मी उठलो तो दुसऱ्या आयुष्यात, असे मी मानतो. ज्याने मला तिथे झोपू दिले त्याचे नाव प्रभू येशू ख्रिस्त, हे मला पुढे हळूहळू कळले. भीती अजून येते. पण आता ती दारात उभी राहते, आत येऊन बसत नाही.

गावी परतल्यावर सांगलीला पाळकांकडून बाप्तिस्मा घेतला. आईने एवढेच विचारले, "नाव तरी ऱ्हायलं का, का त्येबी दिऊन आलास?" नाव राहिले आहे.

कलम सहा. माझ्या देहाबद्दल. मला जाळू नये, पुरावे, अशी माझी इच्छा. एलियम्मा नवऱ्याच्या कबरीवरची माती थोपटायची, लेकरू निजवावे तशी. मलाही तसे निजायचे आहे, कारण निजलेल्याला प्रभू उठवील. पण हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जलमभर जाळून सोनं काढलंस. अंगातलं कापडबी सोडलं न्हाईस. आन आता म्हणतोस, मला जाळू नका."

चाचा मध्ये पडले. "हरणाक्का, आमच्यातबी पुरत्यातच की."

"तुमची जागा ठरल्याली हाय, भावजी. ह्येला कुठं ठिवू? आमच्या रानात हातभर खणलं की खडक. ह्येला पुरायला सुरुंग लावाय लागंल. आन गावाला काय सांगू, पोराला आग न्हाई दिली म्हणून?"

गावात राहायचे तिला आहे, मला नाही. मी स्वतः राखेतून सोने निवडले आहे. राखेतून माणूस निवडणे प्रभूला जड जाणार नाही. म्हणून आईला जे सोसेल ते तिने करावे. जाळले तरी माझी तक्रार नाही.

कलम सात. वरचे कलम काल लिहिले. आज दुपारपासून आई घरात नव्हती. दिवेलागणीला आली ती खांद्यावर पहार घेऊन, पदराला माती. मागून चाचा. चाचा म्हणाले, "सगळ्या रानात पहार हाणत हिंडली गड्या. लोकांला वाटलं, बोअरची जागा बगतीया."

आई पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "वरल्या बांधाला, लिंबाच्या अंगाला जाती पहार. कमरंपतूर गेली. लय मऊ हाय तितली माती."

"आणि गाव?"

"गावाचं मी बगती. पर दहाव्याला जेवाण घालणार. आन मी रोज येऊन बसणार तितं. तुज्या देवाला चालतंय का इचार."

चालते, असे मी तिला सांगितले.

सबब कलम सहामधील जाळण्याची मुभा मी रद्द करतो. माझा देह वरच्या बांधाला, आईने पाहिलेल्या जागी ठेवावा. खड्डा आधीपासून खणून ठेवू नये. मी परत येण्याची शक्यता डॉक्टरांनी नाकारलेली नाही.

हे सर्व आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी थांबवले, बदल काही सांगितला नाही.

लिहून देणार: जयराज जोतिबा लेंगरे (सही)

आमच्यादेखत सही केली म्हणून साक्षीदार:
१. चांदसाहेब हुसेन मुलाणी, शिंपीकाम (सही)
२. विजयमाला भीमराव ऐवळे, अंगणवाडी सेविका (सही)

तालुका आटपाडी, जिल्हा सांगली
शुक्रवार, ता. ९ फेब्रुवारी २०२४