पाहुण्याचा हात

तुमिनी, थोरलीचा तुला आशीर्वाद. सेमारंगात मी मजेत आहे, गुडघाही कुरकुरत नाही. मी सांगतेय आणि आपली नात वेनिंग लिहितेय, तेव्हा तिच्या हेडमास्तरांना मी घातलेल्या शिव्या ती गाळणारच.

शाळेत ती शिकवते तो जपानीचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे जपानहून येणाऱ्या पाहुण्याच्या मतावर होतं. पोरगी धड जेवत नव्हती. आणि त्या शहाण्या हेडमास्तराने शिकवणं थांबवून पोरांना महिनाभर नुसतं कमरेत वाकायला लावलं. "हाताला शिवायचं नाही, तिकडे ते गावंढळ समजतात," म्हणे. स्वतः वाकला की पोट आडवं येतं.

पाहुणे कुवाबारा माझ्याच वयाचे. त्यांनी वर्गातल्या लारासला जपानीत विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

हेडमास्तरांना त्यातलं ओ की ठो कळेना. ते मागून कुजबुजले, "अगं वाक, वाक."

ती जपानीत म्हणाली, "कसावा. पण आईची चटणी फार तिखट झाली होती."

म्हातारा खळखळून हसला, हात पुढे केला. लारासने आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा लावतात तसा तो कपाळाला लावला. मग सगळा वर्ग रांगेत. "एवढ्या जवळ माझे जपानातले विद्यार्थीही आले नाहीत," पाहुणे म्हणाले. वर्ग राहिला, निदान या वर्षी तरी.

तुझा खोकला गेला का? कोंबड्या बसल्या का अंड्यांवर?

संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. "हाताची कल्पना माझीच हं, आजी," म्हणत माझ्या हातासाठी वाकले. मी मासे साफ करत होते. हात न धुताच पुढे केला.

तुझी थोरली